दुसऱ्या शिफ्टची दोन अंडी

"शिफ्ट हुकली की माल गेला," असं म्हणत वरच्या मजल्यावरचे काका समोरच्याचा दंड दाबून बघायचे. माल म्हणजे स्नायू. आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत दंड न दाबलेला पुरुष उरला नव्हता. गॅसवाल्याचाही दाबून झाला होता.

काकांनी सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टर त्यांना म्हणाले, या वयात स्नायू झडतात. प्रथिनं रात्री एकदम खाऊ नका, तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्या, व्यायामानंतर तर आठवणीनं घ्या. काकांनी लगेच शिफ्ट लावल्या. सकाळी आठला मोडाचे मूग, दुपारी एकला दोन उकडलेली अंडी, संध्याकाळी सातला पनीर. गजर झाला की असतील तिथं डबा उघडायचे.

माझ्या पुतणीच्या लग्नाला मुहूर्त लांबत लांबत एकवर आला. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना काकांचा गजर वाजला. त्यांच्या एका हातात अक्षता होत्या, दुसऱ्या हातात सोललेलं अंडं आलं. भटजींनी "सावधान" म्हटलं आणि गडबडीत काकांच्या हातांची गफलत झाली. अंडं नवरदेवाच्या फेट्यावरून घरंगळत भटजींच्या ताम्हनात पडलं. काका अक्षता चावत उभे होते.

"पाच मिनिटं थांबता आलं नसतं?" मी नंतर विचारलं.

"आज पाच थांबलो, तर उद्या दहा थांबेन," ते शांतपणे म्हणाले.

महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. तुम्हीही बोलला नसतात.

मग एकदा त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. काका दहा किलो कांद्यांची पिशवी उराशी धरून खुर्चीतून उठत-बसत होते. पंधरा वेळा झाल्यावर पिशवी खाली ठेवून ते आत गेले आणि काकूंना तसंच उराशी धरून पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं काकूंची एक बाजू लुळी पडली, हे ठाऊक होतं. त्यांना उचलतं कोण, हा प्रश्न मला दोन वर्षांत पडला नव्हता.

"एखादी बाई ठेवा की कामाला," मी म्हणालो.

"ठेवली होती. हिला परक्या हाताची लाज वाटते. मग मलाच टिकलं पाहिजे ना."

गेल्या उन्हाळ्यात मुलगी दोघांना सिन्नरला आपल्या तळमजल्यावरच्या घरी न्यायला आली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही चौघं खुर्ची घेऊन तयार होतो. काकांनी मानेनंच नको म्हटलं, आजारपणापासून घराबाहेर न पडलेल्या काकूंना उचललं आणि दुसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी उतरू लागले. पहिल्या मजल्यावर, माझ्या दारासमोर, ते थांबले. दमले असतील म्हणून मी हात पुढे केला.

"यांनी दाराला हिरवा रंग कधी दिला हो?" काकू त्यांना विचारत होत्या.

"मी कुठं बघितलंय," काका म्हणाले आणि त्यांना घेऊन दारापाशी सरकले. काकूंनी हात लांब करून रंगावरून बोटं फिरवली. त्यांचं पुरतं बघून होईपर्यंत काका तसेच उभे राहिले.