हौसाचं कुंकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नसे. आता सांगतो, कारण गेल्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात एक बाई दूधवाल्याला म्हणाली, "पानी न्हाई घातलं म्हनतोस? व्हय, हौसाचं कुंकू!" दोघंही हसले. पवन मावळात असं म्हणतात — धडधडीत खोटं छातीठोक सांगणाऱ्याला. दूधवाला विशीतला. हौसा कोण, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक आहे. तिचा फोटो मी काढला होता.

पहिल्या लढाईच्या वेळची गोष्ट. माझं फोटोचं दुकान नवं होतं. पुण्याच्या एका प्रोफेसरांना खेड्यातली माणसं त्यांच्या घरात, जशी आहेत तशी टिपून हवी होती — चुलीपुढे, जात्यावर, गोठ्यात. फोटोच्या काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, हात फिरवायचा नाही, डागसुद्धा पुसायचा नाही, एवढी एकच अट. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

कामशेतला उतरून बैलगाडीनं तिकोणा पेठेत गेलो. तिथं एका घरात हौसा — अठरा-एकोणीस वर्षांची सून, नवरा बसऱ्याकडे लढाईवर गेलेला. फोटो निघणार म्हणून तिनं ताजं कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. माझ्यासमोर लावलं. मग जात्यापाशी बसली, मी सांगितलं तसा श्वास रोखून. फोटोची एक प्रत घरच्यांना मिळायची होती. सासू ती मुलाला धाडणार होती.

आता माझ्या धंद्यातली एक खोच. त्या काळच्या काचेला लाल रंग दिसत नसे. लाल असेल तिथं काच कोरी राहायची आणि छापल्यावर काळा ठिपका उमटायचा. धुळीचा कण बसला तरी अगदी तसंच. आणि मला डाग बघवत नसत — खोड म्हणा, मिजास म्हणा. अट गुंडाळून ठेवली, पेन्सिल घेतली आणि वीस काचांवरचे ठिपके एका बैठकीत भरत सुटलो. अख्खी बाई, जातं, मागची भिंत, त्यात चेहरा तो केवढासा! हौसाच्या कपाळावरचा ठिपकाही धुळीचा समजून भरला; छापताना तो उमटलाच नाही.

महिन्याभरानं प्रती वाटायला गेलो. प्रोफेसर बरोबर होते, ओसरीवर बसून माझ्या कामाची तारीफ करत होते. सासूनं फोटो उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"माझा ल्योक तितं गोळ्या झेलतोय, आन ही पांढऱ्या कपाळानं बसली?"

"म्या लावलं व्हतं, आत्याबाई," हौसा म्हणाली.

सासू माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमीच सांगा. व्हतं का न्हाई?"

मला त्याच क्षणी सगळं उमगलं. नंतर नाही — हे नीट ऐका — त्याच क्षणी. पण प्रोफेसर चार हातांवर होते. पेन्सिलीचं नाव काढलं असतं तर काम गेलं असतं, आणि ती तारीफही.

मी म्हणालो, "कॅमेरा आहे, मावशी. समोर असतं तेच येतं."

हौसा रडली नाही. जात्यापाशी जाऊन दळायला बसली.

तिला वराळ्याला माहेरी धाडलं. नवरा सुखरूप परत येईपर्यंत, दोन वर्षं, ती तिथंच होती. त्यानं तिला आणली, संसारही नीट झाला म्हणतात. पण गावाला एक शब्द मिळाला तो मिळालाच. हळदीकुंकवाला बाया तिला म्हणायच्या, "नीट लाव गं, फोटूत दिसू दे." मला प्रोफेसरांनी पुढंही काम दिलं. मी ते घेतलं.

त्या दिवशी बाजारातून आलो तो जुन्या काचांची पेटीच उघडली. हौसाची काच शाबूत होती. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, पेन्सिल निघाली. किती वेळ लागला असेल? मिनिटभरही नाही. छापायला घेतली. औषधाच्या पाण्यात आधी जातं दिसू लागलं, मग हात, मग चेहरा — आणि कपाळावर काळा, गोल, ठसठशीत ठिपका.

मला हसू आलं. खरंच सांगतो, इतक्या वर्षांत असं मोकळं हसलो नव्हतो. मग जेवलो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपलो.

उद्या सकाळच्या गाडीनं कामशेतला जातोय. हौसाबाई आता आजी झाली आहे. तिच्या अंगणात, चार बाया जमवून, मोठ्यानं सांगणार आहे. ती फोटो घेईल, फाडेल, मला हाकलून देईल — ते तिचं ती बघेल. मला एवढंच बोलायचं आहे.

कुंकू होतं. मी पाहिलं होतं.