हिमानीची शहाणी टाकी

दुष्काळात पुंडलिकनगरात इमारती मात्र वाढतच होत्या. वीज आली की लोक खालच्या हौदात न बघताच मोटारीचं बटण दाबायचे आणि पाण्याविना फिरून मोटारी जळायच्या.

तिथेच राहणाऱ्या हिमानीनं मोटार सांभाळणारी पेटी बनवली. चिप एवढीशी, म्हणून प्रोग्रामची भाषाही साधी, ताटांच्या चळतीसारखी: शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं.

"या भाषेत ऑब्जेक्ट, म्हणजे आपलं काम कसं करायचं ते स्वतःच जाणणाऱ्या वस्तू, नसतात," मित्र म्हणाले.

"नसतात तर मी घडवते!"

आणि घडवलेच. प्रोग्राममध्ये चळतीवर टाकीचं नाव ठेवायचं, 'भर' म्हणायचं. कसं भरायचं ते टाकीच ठरवणार. गच्चीवरची टाकी आधी हौदाला विचारणार, पाणी आहे का.

पेटी बसवली त्या पहिल्याच दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांनी बटण दाबलं. मोटार ढिम्म.

"बिघडलं तुमचं यंत्र!"

हिमानीनं हौदाचं झाकण उघडलं. हौद आतून कोरडाठाक.

"काका, तुमचा हुकूम पोचला. टाकीनंच नाही म्हटलं. तेवढी अक्कल मी तिला दिलीय."