मंजुळेचा पाट

बोईसरच्या मासळी बाजारात माशा कितीही घोंघावोत, मंजुळेच्या नाकावर कधी माशी बसली नाही. पापलेटाचे लालभडक कल्ले उघडून दाखवल्यावरही एखादी बाई नाक मुरडून "ताजं आहे ना?" म्हणाली, की मंजुळा ते पापलेट टोपलीत परत टाकायची. "तुमी पुढं जा बाय. माजा मासा तुमाला पचायचा नाय." ती बाई पुढे जायची, चार टोपल्या हुंगायची आणि मुकाट्याने मंजुळेपुढेच येऊन उभी राहायची. तेव्हा मंजुळा तिला ओळखही दाखवत नसे. अशी ही उच्छेळी गावची अठ्ठावन्न वर्षांची बाई.

बाजाराच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताची तिसरी जागा तिची, सासूकडून आलेली. नवरा काविळीने गेला तेव्हा हेमांगी दोन वर्षांची होती. तेरावं झालं आणि मंजुळा पोरीला मांडीवर घेऊन त्या जागेवर बसली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पोरीची एमएस्सी त्याच जागेवर बसून झाली, असं ती छातीठोक सांगायची. परीक्षेला जणू तीच बसली होती.

या जागांना कागद नाही. जिचा पाट मांडलेला, तिची जागा. बाईला आठ दिवस कुठे जायचं असेल, तर तिने आपला पाट दुसरीला द्यायचा, तिने त्यावर बसून जागा राखायची. जागा कायमची सोडायची असेल, तर तोच पाट सगळ्याजणींसमोर दुसरीच्या हाती द्यायचा आणि जागेवर नारळ फोडायचा. बाई स्वतः येऊ शकत नसली तर तिच्या घरचं माणूस पाट घेऊन येतं. मग तो नारळ फुकट जायचा एकच रस्ता उरतो. 'मी दिली नाही' असं खुद्द त्या बाईने बोलायचं.

हेमांगी आता तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत केमिस्ट होती. वैशाखात तिचं लग्न होतं. मुलगा भाग्येश, साताऱ्याकडचा. वडील अणुऊर्जा केंद्रात, राहायला तिथल्याच कॉलनीत. सुपारी फुटली आणि महिन्याभरात हेमांगीने आईसमोर दोन तिकिटं ठेवली. थायलंडमधलं आयुथया नावाचं जुनं शहर. चारशे वर्षं तिकडच्या राजांची राजधानी, देवळंच देवळं, आणि चहूबाजूंनी नदी.

"लग्नाआधी एकदा दोघीच जाऊ या, आई."

मंजुळेने आधी खर्चावरून, मग विमानावरून, मग गुडघ्यांवरून कुरकुर केली. मनातून मात्र ती फुलून गेली होती. अख्ख्या बाजाराला तिने स्वतः आठवडाभर सांगितलं, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पुन्हा सांगितलं. जागा राखायला शेजारची पारू तयार झाली. निघायच्या आदल्या दिवशी मंजुळा पाट घेऊन पारूकडे निघाली, तशी हेमांगीने तो तिच्या हातून घेतला. "तू बॅग भर. मी पोचवते." पोर किती करते आपलं, असं मंजुळेला वाटलं.

पहिल्या दिवशीचा मुक्काम मोठ्या हॉटेलात होता. लिफ्ट, काचेच्या भिंती, आणि न्हाणीघरात माणूस आडवा होईल एवढा पांढरा टब. मंजुळेने त्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यात दोन मण बरफ राहील." मऊ गादीने तिची पाठ धरली. दुसऱ्या दिवशी तिने साधं घर बघ म्हणून हट्टच धरला, तेव्हा हेमांगीने नदीकाठचं एक लाकडी घर शोधलं. खाली घरमालकीण राहायची, वर पाहुण्यांच्या चार खोल्या. चपला दाराबाहेर काढायच्या. अंगणात खांबावर छोटंसं देऊळ, आणि देवापुढे लाल सरबताची बाटली, तीही नळी घालून. मंजुळेला तो देव फार आवडला. लाड करून घेणारा देव, म्हणाली.

घरमालकिणीचं नाव नोई. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण नोई नदीतला मासा साफ करायला बसली आणि मंजुळेने तिच्या हातून सुरी काढून घेतली. तीन मासे झाले तोवर दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या होत्या.

देवळं मात्र मोडकी होती. विटांचे उंच उंच मनोरे, काही कललेले, आणि भिंतीला ओळीने बसलेले बुद्ध. एकालाही डोकं नाही.

"हे कोणी केलं?"

"ब्रह्मदेशच्या सैन्याने. अडीचशे वर्षं झाली. शहर जाळलं त्यांनी."

"परक्यांनी केलं ना? मग ठीक," मंजुळा म्हणाली.

वाट महाथात नावाच्या देवळात बुद्धाचं एक डोकं झाडाच्या मुळांत अडकलेलं आहे. शांत चेहरा, चारी बाजूंनी मुळांची जाळी. तिथे फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं. देवाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर नको, असा तिथला नियम. लोक कसेबसे उकिडवे बसत होते. मंजुळेने साडी गुडघ्यांत खोचली आणि एक पाय मुडपून, एक उभा ठेवून ऐसपैस बसली, बाजारात बसायची तशी. तिथल्या पहारेकऱ्याने अंगठा वर करून शाबासकी दिली.

"आई, अशी नको ना बसू," हेमांगी हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. कोण वलखीचा हाय इथं?"

हेमांगीने फोटो काढला, पण तो कोणाला पाठवला नाही. रोज मंजुळा म्हणायची, पारूला फोन लाव, आणि रोज हेमांगीकडे नवं कारण असायचं. नेट नाही. पारूमावशी कामात असेल. आत्ता तिकडे पहाट असेल. तीन दिवस हे चाललं, आणि मंजुळेने खरं मानलं. स्वतःच्या पोरीवर कोण संशय घेतं?

चौथ्या दिवशी सकाळी नोई तिला बाजारात घेऊन गेली. हेमांगी झोपली होती. त्या बाजारात मंजुळेला नदीतली कोलंबी दिसली, हातभर लांब, निळ्या नांग्यांची. विकणाऱ्या बाया तिच्यासारख्याच बसलेल्या, तशाच पाणी शिंपडणाऱ्या, आणि गिऱ्हाइकाने बोट लावलं की तशाच खेकसणाऱ्या. एकही शब्द न कळता मंजुळेला सगळं भांडण समजलं. हे पारूने बघायलाच हवं. घरी येऊन नोईने मंजुळेच्या फोनवर वायफाय जोडून दिलं. हेमांगी न्हाणीघरात होती. मंजुळेने पारूचा फोटो दाबला.

तिकडे नऊ वाजले होते, बाजार भरलेला. पडद्यावर पारूचं तोंड आलं, आणि मंजुळेने कोलंबीचं काही सांगायच्या आतच तिने डोळ्यांना पदर लावला.

"मंजुळे, तुजे उपकार कसे फेडू? हेमांगीनं सगल्या बायांसमोर पाट दिला, तुजा निरोप सांगितला. आई आता बसायची नाय, जागा नवसीला दे म्हनली. सगल्या रडल्या गं. तू तोंडानं काय बोलली नायस ना, म्हनून मनाला लागलं. पन मी म्हटलं, तिलाच जड गेलं असंल."

पारूने फोन फिरवला. डाव्या हाताची तिसरी जागा. मंजुळेच्या पाटावर पारूची सून नवसी बसली होती. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून ती दारोदार सुकट विकत फिरायची. जागेवर हळदकुंकू होतं, नारळाच्या करवंट्या अजून कडेला पडल्या होत्या. नवसीने फोनकडे बघून हात जोडले.

मंजुळेने फोन तोंडाशी आणला. तोंडात शब्द तयार होता. मी नाय दिली. एवढं बोलली असती तर नवसीला तिथल्या तिथे उठावं लागलं असतं. पण त्याचबरोबर अख्ख्या बाजाराला कळलं असतं की मंजुळेच्या पोरीने आईच्या नावाने खोटं सांगून आईची जागा उठवली. ज्या बाया हेमांगीला मांडीवर खेळवत मोठं करत आल्या, त्या तिच्या लग्नात कुठल्या तोंडाने अक्षता टाकणार होत्या?

"व्हय," मंजुळा म्हणाली. "मीच सांगितलं. नवसी, बस बाय. सुखानं बस."

फोन ठेवून ती खोलीतल्या जमिनीवर बसली. हेमांगी केस पुसत बाहेर आली. आईच्या हातातला फोन बघून तिचा हात थांबला.

"तुजा नारल पावला," मंजुळा म्हणाली.

"आई, मी परत गेल्यावर सांगणारच होते. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? तुझे गुडघे..."

"माजे गुडगे बसून कदी दुखले नाय. दुखतात ते उठताना."

हेमांगी पलंगाच्या कडेवर टेकली. नोई खाली भांडी घासत होती.

"सासरच्यांनी सांगितलं?" मंजुळेने विचारलं. तिला तसंच हवं होतं. परक्यांनी सांगितलं असतं तर राग कुठे काढायचा ते तरी कळलं असतं.

"नाही," हेमांगी म्हणाली. "त्यांना माहीतच नाही. मी सांगितलंय की तू घरीच असतेस. भाग्येशची आई रविवारी मासे घ्यायला बोईसरला येते. कधीतरी तुझ्यासमोरच उभी राहिली असती."

सुपारीच्या दिवशी पोर कानाशी का म्हणाली होती, 'आज जरा कमी बोल,' ते मंजुळेला आत्ता उमगलं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपला आवाज मोठा आहे म्हणून. आणि ती खरंच दिवसभर गप्प बसली होती, लेकीची शोभा होऊ नये म्हणून. हे फिरणं, ही देवळं, तो पांढरा टब, सगळं तिला बाजारातून आठ दिवस दूर ठेवायला होतं. पोटच्या पोरीने केसाने गळा कापला, आणि तोही इतक्या लाडाने की हात वर करायलाही जागा ठेवली नाही.

"सव्वीस वरसं," ती म्हणाली. "त्याच जागेवर तुला पाजलं मी."

हेमांगी रडू लागली. मंजुळेने तिला रडू दिलं. एरवी ती उठली असती, पदराने तिचं तोंड पुसलं असतं. आज तिला उठवेना.

चार वाजता नदीतल्या फेरीची होडी ठरलेली होती. पैसे भरले होते, नोई बोलवायला आली, म्हणून दोघी गेल्या. होडी एकेका देवळापाशी थांबत शहराभोवती फिरत होती. समोरच्या बाकावर नागपूरचं एक जोडपं होतं. मराठी कानावर पडल्यावर त्या बाईला कोण आनंद झाला. कुठल्या तुम्ही, कुठे उतरलात, हॉटेल कसं आहे, त्या लाकडी घरात डास नाहीत का, सगळं विचारून झालं. हेमांगीने नोईच्या घराचा पत्ता दिला, स्वतःच्या कंपनीचं नाव सांगितलं.

"आणि काकू, तुम्ही काय करता?"

येताना विमानात कोणी विचारलं होतं, तेव्हा मंजुळेने तीन रांगांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं होतं. आता तिने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगी पाण्याकडे बघत होती. होडीवाल्याने इंजिन बंद केलं होतं. काठावरचं देऊळ जवळ येत होतं. त्या बाईला वाटलं काकूंना ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुढे वाकून पुन्हा विचारलं.

"घरीच असते मी," मंजुळा म्हणाली. "आज सकालपासनं."