अल्पशा आजाराने

दुपारचे चार. ‘दैनिक पाणवठा’च्या संपादक कुमुद तेरदाळे यांचा खुर्चीतच डोळा लागतोय. खरं तर लागू नये अशी वेळ आहे. समोर उद्याच्या निधनवार्तांचं प्रूफ आहे आणि त्यावर सही राहिलीय. पण परवापासून बाईंना झोप म्हणून नाही. पंख्याचा आवाज लांब जातो, आणि बघतात तर समोर हणमंत गुजले बसलेला.

हा हणमंत परवा साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीत गुदमरून मेला. अंगभर मळी माखलेली आहे. खुर्ची खराब होईल म्हणून बिचारा अगदी कडेला टेकलाय.

“बाई, मला आजार कुठला झाला हुता?”

कुमुदबाई प्रूफकडे बघतात. ‘हणमंत गुजले यांचे अल्पशा आजाराने निधन.’ ही ओळ चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावरून आली. कारखाना त्यांचा, आणि चार वर्षांपासून हा पेपरही त्यांचाच. मग त्यांच्या टाकीत माणूस मरेलच कसा? आजारानंच मरणार!

“तशी लिहायची पद्धत असते, हणमंतराव,” बाई म्हणतात, आणि स्वतःचीच लाज वाटते त्यांना.

“आसंल. उठा, या माझ्यासंगं.”

त्या टाकीच्या तोंडाशी उभ्या आहेत. लोखंडी शिडी उतरताहेत. वास असा की डोकं गरगरतं. चौथ्या पायरीला पाय टेकतो तो त्यांच्याच टेबलाखाली. हणमंत खण ओढतो.

“ह्यात हाय बगा माझं पत्र.”

आहे. कुठं जातंय? हा माणूस दर महिन्याला पत्र आणायचा. कधी खड्डे, कधी नळाचं गढूळ पाणी. बाई शुद्धलेखन सुधारून छापायच्या, आणि हा कात्रण खिशात घालून गावभर मिरवायचा. शेवटचं पत्र दोन महिन्यांपूर्वीचं. ‘टाकीत उतरणाऱ्या कामगारांना मास्क द्यावेत.’ बघते म्हणाल्या होत्या बाई. खणात टाकलं, झालं.

“साहेबांनी छापू दिलं नसतं हो.”

“तुमी इचारलं हुतं?”

नव्हतं विचारलं. 

हणमंत टेबलावरचा आजचा अंक उलटतो. शेवटच्या पानाच्या तळाच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत वाचतो. “मालक म्हणून साहेबांचं नाव. अन् हितं, बातम्यांच्या निवडीस जबाबदार, तर तुमचं.”

“कायद्यानं लिहावं लागतं ते.”

“मंग निवडा की.”

“अठरा माणसं आहेत इथं कामाला. उद्या पेपर बंद पडला तर?”

“आत्ता चालू हाय व्हय?”

बाईंना रडू फुटतं. हणमंत मात्र रागावत नाही, आणि तेच त्यांना सोसवत नाही.

“माझी लेक सातवीत हाय, बाई. बाप कशानं गेला म्हून कुणी इचारलं तर ती टाकीचं सांगंल. लोक तिला पेपर दावतील. आन् पेपरात आलं म्हंजी खरं, आसं मीच शिकिवलंय तिला.”

“मॅडम, पान छपाईला सोडू का?”

दारात पानं लावणारे इरफानभाई उभे आहेत. बाई दचकून जाग्या होतात. खण उघडा आहे. हणमंतचं पत्र प्रूफवर पडलंय, आणि त्यावर अंगठ्याचा तपकिरी, ओला ठसा. मळीचा वास येतोय.

बाई लाल पेन उचलतात आणि ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द खोडतात. वर ‘मळीच्या टाकीत गुदमरून’ असं लिहितात. किती दिवसांनी हात असा चाललाय! छातीवरचं ओझं उतरतं.

तेवढ्यात फोन वाजतो. बंगल्यावरून.

“हो साहेब. नाही साहेब. तसंच ठेवलंय, साहेब.”

फोन ठेवून बाई स्वतःची वरची ओळ काट मारून घालवतात. मग खोडलेल्या शब्दांखाली एकेक टिंब देत जातात. खोडलेलं तसंच ठेवा, असा त्याचा अर्थ, हे इरफानभाईंना सांगावं लागत नाही. खाली सही करतात.

“घ्या, सोडा पान.”

इरफानभाई प्रूफ घेऊन जातात. बाई पेन खाली ठेवायला बघतात, पण ते बोटांना चिकटून बसलंय, सुटत नाही.