गिरणी बंद केल्यावर

गिरणीवाल्याला अख्खी गल्ली पांढऱ्या म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा. भुवया, मिशी, कानाच्या पाळ्या, सगळ्यावर पिठाचा थर. लग्नाच्या फोटोतला माणूस हाच, हे बायकोलासुद्धा त्याची अंघोळ झाल्यावरच पटायचं.

त्याच्या पायाखालची फरशी गिरणी चालू असेपर्यंत थरथरत असायची. दळण घेऊन आलेल्या माणसाला तिथे उभं राहवत नसे. पांढऱ्याचं उलटं. सुट्टीच्या दिवशी स्थिर जमिनीवर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. म्हणून तर भूकंप झाला तेव्हा त्याला तो कळलाच नाही. जमीन जास्त हलली, तसा तो खाली वाकला आणि मोटरचा पट्टा सैल झालाय का ते बघू लागला. बाहेर बायको जिवाच्या आकांताने ओरडतेय आणि हा आपला पट्टा चाचपतोय. मग वीज गेली. घरघर करत गिरणी थांबली. आणि जमीन हलतच राहिली.

तेव्हा कुठे त्याला समजलं.

त्याला साधं खरचटलंही नाही. शेजारच्या घरात त्याची मोठी बहीण राहायची. भिंत पडली ती अक्काच्या अंगावर. लोकांनी विटा उपसून संध्याकाळी तिला बाहेर काढलं, तेव्हा पाय मोडलेला, तोंडात माती, आणि पहिला प्रश्न काय, तर "गॅस कुणी बंद केला का माझा?"

आता अक्का कुबडी घेऊन गल्लीभर फिरते आणि रात्री ढाराढूर झोपते. भिंतीखालची हकिकत तिने इतक्यांदा सांगितलीय की चुकली तर ऐकणारेच दुरुस्त करतात. आणि ज्याच्या डोक्यावर चिमूटभर प्लास्टर पडलं नाही, तो पांढऱ्या दळता दळता खाडकन खटका पाडतो. गिरणी थांबते. फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवलेला असतो, त्यात डोळे घालून बसतो. पाणी हलतंय का? नाही. मग पुन्हा चालू. जरा वेळाने पुन्हा बंद.

अर्ध्यात थांबवली की दाणे दगडांत अडकतात, मोटर कण्हते आणि पीठ जाडंभरडं पडतं. गिऱ्हाइकं आधी हसली. "काय रे पांढऱ्या, गिरणीला दम लागतो का हल्ली?" मग एकेक डबा वळणापलीकडच्या गिरणीत जायला लागला.

बायको वैतागली. "अहो, पाणी प्यायचं असतं. त्याच्याकडे टक लावून काय बसता?"

"चालू असताना काही झालं तर मला कळायचं नाही गं."

"मी ओरडेन ना!"

"तेव्हाही ओरडलीच होतीस."



हे असंच चाललं असतं. पण एकदा लेक अभ्यासाला बसली होती आणि तिच्या वहीशेजारी पाण्याची वाटी दिसली.

"हे कशाला?"

"तू ठेवतोस तसं," लेक म्हणाली आणि गणित करू लागली. प्रत्येक गणितानंतर मान वाकडी करून वाटीत बघत होती. अगदी त्याच्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या अक्काला सोबत घेऊन दवाखान्यात गेला.

तिथे तेव्हा एक तरुण डॉक्टरीण आली होती. एकाच भूकंपातून गेलेल्या माणसांपैकी काही सावरतात आणि काहींचं मन तिथेच अडकून राहतं, ते का, हे ती शोधत होती. आईबापांकडून काय आलंय ते बघायला ती थुंकीही तपासायला घेत होती. अक्का नळी हातात धरून म्हणाली, "थुंकू नका, थुंकू नका म्हणून जन्मभर पाट्या वाचल्या, आणि आता या बाई थुंका म्हणतात."

डॉक्टरीण हसली. मग तिने पांढऱ्याला विचारलं, "काका, घरात आधी कुणाला असा त्रास होता?"

त्याला एकदम बाप आठवला. एकदा घरात पुराचं पाणी शिरलं होतं. त्यानंतर आभाळ भरून आलं की बाप त्याला कुशीत घेऊन माळ्यावर बसायचा, पाय खाली सोडून. पाणी आलंच तर तळव्यांना कळावं म्हणून.

"म्हणजे हे रक्तातच आहे," पांढऱ्या म्हणाला.

"थोडं रक्तातून येत असावं. थोडं लहानपणी जे भोगलं त्यातून. आणि नंतर आपल्याजवळ कोण बसलं, कुणी विचारपूस केली, त्यावरही बरंच असतं."

"पण अक्काचंही रक्त तेच की!"

"भावंडांतही वाटणी सारखी होत नाही, काका."

"आणि माळ्यावर तू होतास," अक्का मध्येच म्हणाली. "मी तेव्हा मामाकडे. बाबांचे ते लोंबते पाय मी बघितलेच नाहीत. आणि माझा पाय मोडला तर गल्ली उशाशी बसली होती. तुला कुणी विचारलं?"

"मला काय विचारायचं? मला काय झालं होतं?"

मग तो डॉक्टरिणीकडे वळला.

"डॉक्टरबाई, मग माझ्यात यातलं किती कशाचं? आणि लेकीत?"

"एकेका माणसात तसं निवडून नाही सांगता येत. पण उपाय करायला ते कळावंच लागतं असंही नाही. दर आठवड्याला येत जा, बोलू आपण."

घरी येताना डोक्यात भुगा झाला होता. लेकीला रक्तातून गेलं असेल तर आपल्या हातात काय? आणि आपलं बघून लागलं असेल तर दोष सगळा आपला. यातलं कोणतं खरं निघालेलं बरं, तेही त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. लेक गिरणीत आली आणि पोत्यावर चढून फळीला हनुवटी टेकवून बसली. गहू दळले जात होते. पांढऱ्याचा हात खटक्याकडे गेला. लेकीने लगेच पेल्याकडे बघितलं. श्वास रोखून. माळ्यावर बसून आपण बापाच्या तळव्यांकडे असेच बघायचो.

त्याने पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. पिठाळलेलं, कोमट पाणी.

"बाबा! आता कळणार कसं?"

"नाही कळणार."

"मग?"

मग काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "मग तुझी आई ओरडेल," तो म्हणाला. "या वेळी मी ऐकेन."

गिरणी चालू राहिली. पायाखालची फरशी थरथरत होती, गिरणीमुळे की कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता. गहू संपेपर्यंत त्याने दोन्ही हात खिशात कोंबून ठेवले. पीठ मऊ पडत होतं.

लेकीचं आता रिकाम्या पेल्याकडे लक्ष नव्हतं. ती दाराकडे बघत होती, आई ओरडतेय का म्हणून.