दाराशी असलेलं कासव

गोंदियाच्या बाजारात एक दुमजली घर आहे. त्या घरासमोर उभं राहून मी आयुष्यात बऱ्याच वेळा चिडलो आहे. घराचा त्यात काही दोष नाही, दोष माझ्या बाबांचा. मी शाळेत असल्यापासून ते बाजारातून जाताना तिथं सायकल थांबवायचे, पुढल्या दाराच्या डाव्या खांबाकडे बोट दाखवायचे आणि सांगायचे की हा खांब त्यांच्या आज्यानं घडवला, आणि त्यावर एक खेकडा आहे. मी बघायचो. तिथं खेकडा नव्हता. चुन्याचा एक गोल उंचवटा होता, कंबरेच्या उंचीवर.

घर मात्र बघत राहावं असं. शंभरेक वर्षांपूर्वी आताच्या शेठजींच्या पणजोबांनी बांधलेलं. खाली कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड. दाराची चौकट दरेकशाकडच्या जंगलातल्या सागाची, सज्जाचा कठडा ओतीव लोखंडाचा, आणि तो रेल्वेनं आला असं सगळे सांगतात. वरच्या खिडक्यांना अर्धगोल कमानी आणि त्यांत लाल-हिरव्या काचा. गच्चीच्या कठड्यावर चुन्याचे दोन मिशाळ शिपाई बंदुका घेऊन उभे आहेत. त्यातल्या एकाच्या बंदुकीवर बारा महिने कबुतर बसलेलं असतं, आणि त्यामुळे त्याचा सगळा रुबाब जातो. पण खरी कारागिरी दाराशी आहे. दोन्ही बाजूंना अर्धे खांब, त्यांवर चढत गेलेला वेल, वेलात मोर आणि पोपट. चुना, गूळ आणि बेलफळाचा गर मळून त्याची ही नक्षी हातानं काढलेली. पोपटाच्या चोचीतलं फळसुद्धा वेगळं दिसतं.

हे घडवणाऱ्या माणसाला त्या दारातून आत जायची मुभा नव्हती. तो काळच तसा होता. पणज्यानं दार सजवलं आणि पाणी प्यायला तो बाजूच्या गल्लीत गेला. हे आठवलं की मला अजूनही राग येतो, आणि तो येऊ देण्यात मला काही गैर वाटत नाही.

बाबाही गवंडी. विशीपासून सत्तरीपर्यंत दर दिवाळीला या घराला चुना त्यांनीच मारला. इतर लोक दोन हात मारून मोकळे व्हायचे, बाबा तीन हात मारायचे. त्याचा त्यांना कोण अभिमान. काळ बदलला, घरात बुद्धवंदना सुरू झाली, मी डिप्लोमा करून नकाशे काढायला लागलो, पण बाबा मात्र सवयीनं त्या घरी गल्लीतूनच जायचे. मी टोकलं की म्हणायचे, चुन्याची बादली घेऊन शेठच्या दुकानातून जायचं असतं का.

त्या उंचवट्याला शेठजींच्या घरी कासव म्हणत. दाराशी कासव म्हणजे शुभच. शेठाणी लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर दिवाळीला त्याला हळदकुंकू लावत आल्या आणि झेंडूचं फूल वाहत आल्या. बाबांनी एकदा त्यांना सांगून पाहिलं की बाई, हा खेकडा आहे. ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, तिथं हे ऐकून काय झालं असेल ते सांगायला नको. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. मला मात्र ऐकवत राहिले.

गेल्या पावसाळ्यानंतर शेठजींनी मला बोलावलं. त्यांचा एक मुलगा नागपूरला, एक रायपूरला. दोघांनी ठरवलं की दुकानाचा पुढला भाग नव्या चमकत्या शीटनं झाकायचा, खालपासून वरपर्यंत. मोजमाप मी घ्यायचं होतं. घरी येऊन मी हे बोललो तेव्हा बाबा जेवत होते. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात. एवढंच म्हणाले, "शीट लावाच्या आधी खेकडा पाहून घे. मंग लाव काय लावाचं ते."

त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. आजवर मी हसून सोडून देत होतो. पण खरवडून पाहिलं आणि खाली काहीच निघालं नाही, तर या म्हाताऱ्याकडे दाखवायला दुसरं काय उरणार? त्यांच्या आज्याचा फोटो नाही, नाव कुठं लिहिलेलं नाही. होता तो एक खेकडा, तोही फक्त बाबांच्या बोलण्यात.

माझा विश्वास टेपवर. दुसऱ्या दिवशी मोजायला गेलो. उजव्या खांबावर वेलाची पानं धारदार होती. डाव्या खांबावरही तशीच. त्या एका उंचवट्यावर मात्र चुन्याचा थर दोन बोटं जाड भरला. बाकी सगळ्या दर्शनी भागावर थर पातळ आणि हाच तेवढा फुगलेला कसा, ते माझ्या डोक्यात शिरेना. संध्याकाळी मी बाबांना विचारलं. ते म्हणाले की दर दोन-तीन वर्षांनी जुना चुना पट्टीनं खरवडूनच नवा मारावा लागतो, आणि तसा त्यांनी सगळा खरवडला. फक्त खेकडा सोडून.

"काऊन?"

"आजाच्या हातच्या कामाले मी लोखंडी पट्टी लावू?"

लहानपणी आज्यानं त्यांना तो खेकडा रस्त्यावरून दाखवला होता. तेव्हा तो स्पष्ट दिसत होता. मग पन्नास दिवाळ्या, आणि दर दिवाळीला तीन हात. मानापोटी खरवडायचं नाही आणि इमानापोटी हात कमी करायचे नाहीत. ज्याला जपायचं, त्यालाच बाबांनी स्वतःच्या हातानं पुरून टाकलं होतं. हसावं की रडावं, मला कळेना. बाबांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्या रात्री त्यांनी भात अर्धाच खाल्ला.

शेठाणींची परवानगी काढणं भाग होतं. कासव त्यांचं. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग कळवलं की गुरुवार सोडून कधीही या, आणि हात फक्त बाबांनीच लावायचा.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कासवाला फूल वाहून हात जोडले आणि बाजूला झाल्या. बाबा पायरीवर बसले. पट्टी आणलीच नव्हती. एक तांब्या पाणी, एक फडकं आणि बांबूची कामटी. भिजवायचं, थांबायचं, कामटीच्या टोकानं खपली उचलायची. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली, समोरचा चहावाला गिलास हातात घेऊन आला. तास गेला तरी चुन्याखाली चुनाच. मी घड्याळ बघणं बंद केलं.

मग एक नांगी निघाली. मोठी, वळलेली, टोकाला दातेरी. दुसरी तिच्याहून लहान, जशी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, नर खेकड्याची असते तशीच. मग पाय. बाबा एकेक पाय पुसत होते आणि मोजत होते. आठ भरले तेव्हा त्यांनी कामटी खाली ठेवली. वेलाच्या मुळाशी, मोर-पोपटांच्या दरबारात, आमच्या शेतातला खेकडा खुशाल बसला होता.

बाबांनी वर बघितलं. "झूट बोलून राहिलो होतो का गा मी?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

आता सगळ्यांची नजर शेठाणींकडे. एवढी वर्षं हळदकुंकू कुणाला लावलं, हे त्यांच्यासमोर उघडं पडलं होतं. त्या वाकल्या, चष्मा सावरून नीट बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "कछुआ हो कि केकड़ा, इतने साल घर तो इसी ने सम्हाला।" मग वाटीतलं कुंकू घेऊन त्याच्या पाठीवर लावलं, आणि बाबांना चहाला आत बोलावलं. बाबा सवयीनं गल्लीकडे वळले. शेठाणींनी पुढल्या दाराकडे हात केला. बाबांनी आधी पाय पुसले, खांबाला हात टेकला आणि आत गेले. मी मुद्दाम त्यांच्या मागं राहिलो.

शीट लागलीच, पण दुकानापुरती. दार, सज्जा आणि शिपाई सुटले. कबुतर आपल्या जागी आहे.

दिवाळीआधी चुना मारायला नवा माणूस आला. शेठाणींनी बाबांना खुर्ची देऊन दारासमोर बसवलं होतं, देखरेखीला. त्या माणसाला बाबांची ख्याती माहीत होती. ब्रश बुडवता बुडवता त्यानं विचारलं, खेकड्याला तीन हात मारायचे ना?

"एक," बाबा म्हणाले. "अन् तोही पातळ."