सुतळीची वांगी

खोटं बोलणाऱ्या माणसाचा वनमालाबाईंना राग येत नसे, शिसारी येत असे. पाटोद्याजवळच्या त्या गावात अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला ही खोड परवडणारी नव्हती, पण स्वभावाला औषध नाही.

भाजीपाला बाई एका चित्रपुस्तकावरून शिकवत. आधी बी, मग रोप, मग फूल. पान उलटलं की पोरांना मागच्या वाफ्यावर न्यायचं आणि पुस्तकात आहे तेच मातीत दाखवायचं, ही त्यांची रीत. चार वर्षांची चैताली घरी वांग्याला तोंड लावत नसे. वाफ्यात पहिलं जांभळं फूल दिसलं, त्या दिवशी ती आईला म्हणाली, "आमचं वांगं आलं की मी खानार हाय." बाईंना तेवढं पुरे होतं.

तेवढ्यात सरपंच अमरसिंहदादांचा वाढदिवस आला. मांडव अंगणवाडीमागेच पडला आणि खुर्च्यांचा ट्रॅक्टर वाफ्यावरून गेला. "वाफा काय, पुन्ना व्हईल," म्हणत दादांनी बाईंच्या हातावर केक ठेवला. बाईंनी तो न खाताच बाजूला ठेवला.

मग निरोप आला, की तालुक्याचे साहेब अंगणवाडीची परसबाग बघायला येणार. दादांचं काम म्हणजे पी हळद अन् हो गोरी. त्यांच्या माणसांनी रानातून कापसाची हिरवीगार झाडं उपटून आणली, वाफ्यात रोवली आणि त्यांना बाजारची वांगी सुतळीनं बांधली. तेही पोरांदेखत. पोरं हरखून गेली. चैतालीनं तर सुतळीचं टोक धरलं.

"लेकरांसमोर तरी नको, दादा," बाई म्हणाल्या.

"त्यान्ला काय कळतंय? तुमी निस्तं पुस्तक धरून हुबं ऱ्हावा."

साहेब वाफ्यात उतरलेच नाहीत. चपला मळतील म्हणून लांबूनच फोटो काढला, छान म्हणाले आणि भजी खायला बसले. बांधून उरलेल्या वांग्यांचीच भजी होती ती. बोटांचं तेल रुमालाला पुसत ते पोरांना सकस आहाराचं महत्त्व सांगू लागले, तेव्हा बाईंनी तोंड फिरवलं. हातातलं पुस्तकसुद्धा त्यांना बरबटल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वांग्याचं पान उघडलं. "वांगं कशातून येतं?"

एरवी सगळी पोरं एका सुरात बी म्हणत. आज सगळी चैतालीकडे बघू लागली. चैतालीनं फ्रॉकच्या खिशातून सुतळीचा गुंडा काढून पुढे केला.

"बाई, मी घरून आनलीया. आज टमाटे बांधू."

बाईंनी पुस्तक मिटलं. पोरांची रांग केली आणि ती थेट दादांच्या दारात नेली. दादा चार माणसांत चहा पीत बसले होते. बाईंनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं, वर सुतळीचा गुंडा ठेवला.

"तुमी शिकवल्यालं लेकरांच्या लई ध्यानात ऱ्हायलं, दादा. आता पुढचं पान तुमीच शिकवा."

आणि पोरांना ओसरीवर बसवून त्याही ऐकायला खाली बसल्या.